पासवर्ड बदलण्याआधी ‘डिनाइड टू’च्या पुढचं नाव वाचा

सोमवारची सकाळ. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात आठवड्यापूर्वी रुजू झालेली एक मुलगी कपाळाला हात लावून बसली होती. समोरच्या चहावर साय धरली होती.

“दादा, पुश होत नाहीये. माझा पासवर्ड चुकतोय बहुतेक. तीनदा बदलला.”

तीनदा! शनिवार संध्याकाळपासून तिने गिटहबचा, म्हणजे आमचं सगळ्यांचं लिखाण जिथे पाठवून जमा होतं त्या वेबसाइटचा, पासवर्ड तीन वेळा बदलला होता, तिन्ही वेळा वहीत लिहून ठेवला होता आणि तिन्ही वेळा तोच नकार. मी म्हटलं, “ते काय म्हणतंय ते मोठ्याने वाच बरं.” ती वाचायला लागली. रिमोट, परमिशन टू, मग आमच्या प्रोजेक्टचं नाव, मग डिनाइड टू, आणि पुढे एक नाव. तिथे ती थबकली. नाव तिचं नव्हतं. तिच्या आधी त्याच खुर्चीत बसणाऱ्या आणि दिवाळीनंतर नोकरी बदलून पुण्याला गेलेल्या मुलाचं होतं.

म्हणजे तिचा पासवर्ड कुणी विचारलाच नव्हता. त्या कॉम्प्युटरवर विंडोजचं एकच सामायिक खातं, आणि त्या खात्याच्या खिशात जुन्या मुलाचं ओळखपत्र तसंच राहिलेलं. पुश म्हटलं की कॉम्प्युटर तेच काढून परस्पर दाखवत होता. मुलगा गेला तेव्हा आम्ही त्याचा प्रोजेक्टवर लिहायचा हक्क काढला, खुर्ची दुसऱ्याला दिली, खिसा मात्र कुणी झटकला नाही. चूक आमची, आणि शनिवार-रविवार वाया गेला तिचा.

हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय की एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. लॉगिन होत नाही म्हटलं की माणसाचा हात आधी पासवर्डकडे जातो. निम्म्या वेळा दोष भलतीकडेच असतो, आणि कुठे आहे ते त्या नकाराच्या वाक्यातच लिहिलेलं असतं.

ज्यांचा या जगाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दहा माणसं मिळून सॉफ्टवेअर लिहीत असली की कुणी कधी काय जोडलं, काय खोडलं याची वही ठेवावी लागते. ती ठेवणाऱ्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. सध्या सगळीकडे चालतो तो गिट. लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्सने तो २००५ साली लिहिला. गिट आपल्या मशीनवर असतो, आणि गिटहब, गिटलॅब, बिटबकेट ही सामायिक वही सांभाळणारी ठिकाणं. आपलं लिखाण तिकडे पाठवलं की पुश, तिकडचं आणलं की पुल. मशीनवरच्या कामाला लॉगिन लागत नाही, पुश-पुलला लागतं. म्हणून दिवसभर सगळं सुरळीत चालतं आणि संध्याकाळी निघायच्या वेळी नेमकी माशी शिंकते.

(आज्ञा इथे बोलतो तशा लिहितोय. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

पासपोर्ट वेगळा, पास वेगळा

हे समजवायला आपल्या नाशिकरोडइतकं सोयीचं उदाहरण नाही. तिथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापतात. पण तिथलाच छापलेला पासपोर्ट तिथल्याच गेटवर दाखवला म्हणून कुणी आत सोडणार नाही. पासपोर्टवरून तुम्ही कोण ते कळतं. आत जायची परवानगी ही निराळी गोष्ट.

सर्व्हरच्या दारातही हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात आणि नकाराचे आकडेही वेगळे असतात. ४०१ आला तर समजायचं, ‘तू कोण ते मला पटलेलं नाही.’ इथे पासवर्ड, टोकन (पासवर्डऐवजी द्यायची अक्षरमाला, तिच्याबद्दल पुढे), युजरनेम तपासण्यात अर्थ आहे. ४०३ आला तर, ‘तू कोण ते कळलं, पण हे काम तुला करता येणार नाही.’ ओळख पटून झालेली असते, त्यामुळे पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी ढिम्म फरक पडत नाही. आमच्या मुलीला आलेला नकार ४०३ होता.

तिसरा एक बेरकी आकडा आहे, ४०४. त्याचा अर्थ ‘असं काही इथे नाहीच’. गिटहबवर खासगी रेपोला (रेपो, म्हणजे रिपॉझिटरी, ही एका प्रोजेक्टची वही) हात लावायचा तुम्हाला अधिकार नसेल तर तो ‘मनाई आहे’ असं सांगत नाही, ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ म्हणतो. कारण मनाई आहे म्हटलं तर तशी रेपो अस्तित्वात आहे हे बाहेरच्याला कळलं! जुन्या वाड्यात वसुलीवाला आला की शेजारची आजी जशी सांगायची, ‘असं कुणी राहत नाही हो इथे’, तसलाच प्रकार. त्यामुळे रेपो ब्राउझरमध्ये डोळ्यांसमोर दिसतेय आणि टर्मिनल ‘सापडत नाही’ म्हणतंय, तर रेपो कुणी उडवली म्हणून घाबरू नका. ब्राउझरमध्ये तुम्ही एका खात्याने शिरला आहात आणि टर्मिनल दुसऱ्याच खात्याने किंवा विनाओळखीचं गेलंय, एवढंच. पत्त्यातलं स्पेलिंगही एकदा बघून घ्यावं.

खिशातला कागद

गिट स्वतः पासवर्ड लक्षात ठेवत नाही. ते काम तो एका मदतनिसाकडे देतो, त्याचं नाव क्रेडेन्शियल हेल्पर. लासलगावच्या कांद्याच्या बाजारात शेठऐवजी मुनीम हिशोब बोलतो ना, तसा हा आपला मुनीम. दारात विचारणा झाली की तुम्हाला न विचारता खिशातला कागद पुढे करतो. कागद ताजा आहे की मागच्या हंगामातला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता यातली खरी गोम. सर्व्हरने ४०१ दिला, म्हणजे ओळखच नाकारली, तर गिट मुनिमाला सांगतो की हा कागद फेकून दे, आणि पुढच्या वेळी तुम्हाला नव्याने विचारतो. म्हणजे चुकीचा पासवर्ड बहुधा आपोआप विसरला जातो. पण ४०३ मध्ये ओळख खरी ठरलेली असते, म्हणून कागद फेकला जात नाही. चुकीचा *पासवर्ड* निघून जातो, चुकीचा *माणूस* ठाण मांडून बसतो. जुन्या मुलाचं टोकन चालू होतं, तोही खरा होता. फक्त आमच्या प्रोजेक्टवर त्याचा लिहायचा हक्क राहिला नव्हता. त्यामुळे मुलीला एकदाही पासवर्ड विचारला गेला नाही आणि वहीतले तिन्ही पासवर्ड वहीतच राहिले.

खिसा झटकायची जागा प्रत्येक घरी वेगळी. विंडोजवर कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडायचं, तिथे विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये ‘गिट’ या शब्दाने सुरू होऊन पुढे गिटहबचा पत्ता असलेली नोंद सापडेल, ती काढून टाकायची. मॅकवर कीचेन ॲक्सेसमध्ये गिटहब शोधायचं. लिनक्सवर दोन चाली दिसतात. ‘कॅश’ नावाचा मदतनीस मुळात ९०० सेकंदच लक्षात ठेवतो, म्हणजे १५ मिनिटं. ‘प्रत्येक चहानंतर पासवर्ड मागतो’ अशी तक्रार माझ्याकडे आली आहे. त्याची स्मरणशक्तीच तेवढी. दुसरा ‘स्टोअर’, हा कायम लक्षात ठेवतो, पण घरच्या फोल्डरमधल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. कुणीही उघडावी आणि वाचावी. सामायिक मशीनवर तो नकोच.

आपल्याकडे कोणता मुनीम कामाला आहे हेच माहीत नसेल तर ‘गिट कॉन्फिग’ला ‘शो-ओरिजिन’ आणि ‘गेट-ऑल’ जोडून क्रेडेन्शियल डॉट हेल्पर विचारायचं. कुठल्या फाइलमधून कुणाची नेमणूक झाली तेही कळतं. दोन-दोन मुनीम निघालेले मी पाहिले आहेत, आणि आपण एकाचाच खिसा रिकामा करत बसतो.

नाशिकमध्ये हल्ली घरबसल्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम करणारे खूप आहेत. त्यांची पंचाईत वेगळी: एक खातं कंपनीचं, एक स्वतःचं, आणि दोन्ही त्याच गिटहबवर. मुनिमाला पत्ता एकच दिसतो, मग तो हाताला लागेल तो कागद काढतो. यावर साधा उपाय म्हणजे रिमोटच्या, म्हणजे तिकडच्या सामायिक वहीच्या, पत्त्यात गिटहबच्या आधी आपलं युजरनेम आणि ॲटची खूण घालायची. मग त्या रेपोला कुणाचा कागद दाखवायचा ते मुनिमाला नेमकं कळतं. ‘गिट रिमोट डॅश व्ही’ दिलं की सध्याचा पत्ता दिसतो. ही आज्ञा तशीही पहिल्यांदा द्यावी. पत्ताच जुना असतो आणि माणसं पासवर्डशी झुंजत बसतात.

पत्त्यात युजरनेम चालेल, पासवर्ड किंवा टोकन मात्र घालू नका. ते रेपोच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडंनागडं बसतं आणि मग कुठल्यातरी स्क्रीनशॉटमधून व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. शिवाय पासवर्डमध्ये ॲटची खूण असेल तर पत्ता तिथेच तुटतो, तो आणखी एक ताप.

पासवर्ड बरोबर, पण पासवर्ड चालतच नाही

आता टोकनचं. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणं बंद केलं. वेबसाइटवर चालतो, टर्मिनलवर नाही. नकाराच्या वाक्यातच हे छापलेलं असतं, तरी माणूस तेवढाच पासवर्ड सावकाश, एकेक अक्षर दाबून, पुन्हा टाकतो. मीही टाकलाय.

पासवर्डच्या जागी द्यायचं ते पर्सनल ॲक्सेस टोकन. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली डेव्हलपर सेटिंग्ज आहे, तिथे ते तयार होतं. नाव टोकन असलं तरी टर्मिनल विचारताना ‘पासवर्ड’ असंच विचारतं, त्यामुळे घोळ होतो. तिथे टोकन चिकटवायचं. चिकटवतानाही गंमत आहे. पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदणीची खूणसुद्धा नाही. ‘पेस्ट झालंच नाही’ असं समजून माणूस पुन्हा चिकटवतो, टोकन दुप्पट लांबीचं होतं आणि नकार येतो. विंडोजच्या गिट बॅशमध्ये तर कंट्रोल-व्हीने चिकटतच नाही. शिफ्ट आणि इन्सर्ट दाबावं लागतं किंवा माउसची उजवी कळ.

पासवर्ड म्हणजे घराची किल्ली असेल तर टोकन म्हणजे एसटीचा पास: मुदत ठरलेली, मार्ग ठरलेला. बहुतेक तक्रारी या दोन गोष्टींतून येतात.

मुदत. टोकन बनवताना गिटहब ३० दिवस ही मुदत आधीच भरून ठेवतो. घाईत आपण तशीच ठेवतो, आणि महिन्याभराने ‘काल तर चालत होतं’ म्हणत बसतो. वर्षभर न वापरलेलं टोकन गिटहब स्वतःहून काढून टाकतो. गिटलॅबची तऱ्हा आणखी निराळी. तिथे टोकन ठरलेल्या तारखेला जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री संपतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. रात्री बारापर्यंत बसून काम करणाऱ्याला चालतं आणि सकाळी नऊला येणाऱ्याला चालत नाही. पहाटे गोदाकाठी काकड आरती चालू असताना आपलं टोकन गेलेलं असतं.

मार्ग. टोकन जिवंत आहे, पण त्याला काय करायची मुभा दिली? नव्या पद्धतीच्या टोकनमध्ये कोणत्या रेपो आणि त्यात वाचणं की लिहिणं, हे वेगवेगळं निवडायचं असतं. फक्त वाचायची मुभा असेल तर पुल होतो आणि पुश अडतो, आणि अशा वेळी ‘डिनाइड टू’च्या पुढे बहुधा *तुमचंच* नाव येतं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. परकं नाव आलं तर खिसा झटका. स्वतःचं आलं तर टोकनची मुभा बघा, नाहीतर टीम लीडला विचारा की मला रेपोवर लिहायचा हक्क दिलाय का. मोठ्या कंपनीत कंपनीचं स्वतःचं सामायिक लॉगिन असतं, त्याला एसएसओ म्हणतात. तिथे जुन्या पद्धतीचं टोकन बनवल्यावर त्याच्याशेजारच्या ‘कॉन्फिगर एसएसओ’ बटणावरून त्याला कंपनीसाठी वेगळी मान्यता द्यावी लागते. हे बटण कुणी सांगितल्याशिवाय सापडत नाही.

आणि एक: टोकन चुकून सार्वजनिक रेपोत पुश झालं तर गिटहब ते ओळखतो आणि लगेच रद्द करतो. ‘सकाळी बनवलं, दुपारी मेलं’ अशा टोकनचं कारण बऱ्याचदा हे असतं. रागावू नका, त्याने तुमच्यावर उपकारच केलेले असतात.

कुलूप तिकडे, किल्ली इकडे

टोकनच्या कटकटीला कंटाळून बरेच जण एसएसएचकडे, म्हणजे पासवर्डऐवजी किल्लीने ओळख पटवायच्या पद्धतीकडे, वळतात. मीही तोच सल्ला देतो. यात दोन फाइलींची जोडी बनते. एक सार्वजनिक, ती कुलपासारखी. गिटहबला खुशाल द्यायची. दुसरी खासगी, ती किल्ली; आपल्या मशीनबाहेर जाऊ द्यायची नाही. सर्व्हर म्हणतो, हे कुलूप उघडून दाखव. आपलं मशीन किल्ली न देता उघडून दाखवतं.

इथला ठरलेला नकार ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’. अर्थ एवढाच की दाखवलेल्या एकाही किल्लीने कुलूप उघडलं नाही. ‘एसएसएच डॅश टी’ देऊन गिट ॲट गिटहब डॉट कॉम विचारा. उत्तरात ‘हाय’ आणि पुढे नाव आलं की झालं. त्याच वाक्यात शेवटी ‘शेल ॲक्सेस देत नाही’ असं येतं आणि नवखी माणसं तेवढंच वाचून हिरमुसतात. ते यशाचं वाक्य आहे. फक्त ‘हाय’च्या पुढचं नाव आपलंच आहे ना, ते बघायचं, इथेही परका निघू शकतो. नुसता नकारच आला तर त्याच आज्ञेत ‘डॅश व्ही’ घाला, मग कोणकोणत्या किल्ल्या दाखवल्या त्याची सगळी जंत्री पडद्यावर येते. आपली किल्ली त्या यादीत नसेल तर ‘एसएसएच-ॲड’ करून ती जुडग्यात घालायची. लिनक्सवर आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावायची सवय असेल तर ती सोडा. सुडो लावलं की किल्ल्या तुमच्या राहत नाहीत, रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, होतात.

दार ओळखायची जबाबदारी आपलीही असते, हे एसएसएचमध्ये छान दिसतं. सर्व्हरचीही एक खूण असते आणि आपलं मशीन ती पहिल्या भेटीत नोंदवून ठेवतं. ती बदलली तर मोठ्या अक्षरांत धोक्याचा इशारा येतो. २४ मार्च २०२३, शुक्रवार. गुढीपाडवा होऊन दोनच दिवस झालेले. सकाळी साडेदहाच्या सुमारास, ऑफिसं उघडता उघडता, गिटहबने आपली आरएसए प्रकारची खूण बदलली, कारण तिचा खासगी भाग थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक रेपोत उघडा पडला होता. आरएसए खूण नोंदवलेल्या मशीनवर तो इशारा झळकला आणि लोकांनी आपलं लॉगिन गेलं म्हणून पासवर्ड बदलायला घेतले! त्या दिवशी बरोबर उपाय होता जुनी खूण पुसणं आणि गिटहबने जाहीर केलेली नवी खूण पडताळून नोंदवणं. पडताळणं महत्त्वाचं. इशारा आला की डोळे मिटून ‘येस’ लिहिणारा माणूस एक दिवस भलत्याच दारात किल्ली फिरवतो.

दारापर्यंत पोचलोच नाही तर

काही नकार लॉगिनचे वाटतात, पण असतात रस्त्याचे. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारा माझा एक मित्र कसारा घाटातून फोन करायचा, ‘लॉगिन उडालं रे.’ त्याच्या पडद्यावर असायचं ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’. म्हणजे दाराचा पत्ताच सापडला नाही. घाट उतरला की लॉगिन परत यायचं.

माझी स्वतःची एक रात्र अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गेली आहे. एका कारखान्यात मशीनच्या मोजमापाचं सॉफ्टवेअर बसवत होतो. घरून व्यवस्थित चाललेला एसएसएच तिथे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणत राहिला. मी नवी किल्ली बनवली, मग आणखी एक. सुरक्षारक्षकाने मध्यरात्री दिलेला चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला: नकार द्यायलासुद्धा कुणीतरी दारात यावं लागतं. इथे तर आतून आवाजच येत नाहीये. एसएसएच २२ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे त्या नंबरच्या वाटेवरून, जातो आणि कारखान्याच्या फायरवॉलने नेमकं तेच बंद ठेवलं होतं. गिटहबने यासाठी वेगळी वाट ठेवली आहे. एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम या पत्त्यावर ४४३ पोर्टवरून एसएसएच चालतो, आणि ४४३ सहसा उघडं असतं, कारण सगळ्या वेबसाइट त्यावरूनच येतात. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या आणि काम झालं. अर्थात सकाळी तिथल्या नेटवर्कवाल्या माणसाला सांगून परवानगी घेतली. दुसऱ्याच्या घरात खिडकीतून जाता येतं म्हणून जाऊ नये.

कंपनीच्या प्रॉक्सीतून, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडे नेणाऱ्या मधल्या सर्व्हरमधून, जाताना ४०७ आला तर तो प्रॉक्सीचा पासवर्ड मागतोय, गिटहबचा नाही. सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राबद्दल, तक्रार आली तर ‘एसएसएल व्हेरिफाय’ बंद करायचा सल्ला इंटरनेटवर ढीगभर मिळेल. तो घेऊ नका. तसं केलं की समोर खरं गिटहब आहे की तोतया, हे तपासणंच बंद होतं. कंपनीचं स्वतःचं सर्टिफिकेट असेल तर ते गिटला ओळखू द्यायचं, हा सरळ मार्ग.

घड्याळही दगा देतं. बोर्डावरची बॅटरी संपलेला जुना पीसी वीज जाऊन आली की कित्येक वर्षं मागे जातो, आणि मग आजचं सर्टिफिकेट त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं. फोनचंही तसंच. दोन टप्प्यांच्या लॉगिनचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी वेळेवरून बनतो. आमच्याकडच्या एका काकांनी भिंतीवरच्या घड्याळासारखा फोनही पाच मिनिटं पुढे लावून ठेवला होता, बस चुकू नये म्हणून. बस कधी चुकली नाही, कोड मात्र रोज चुकायचा.

टर्मिनल नको, बटणं हवीत

सोर्सट्री, टॉर्टॉइजगिट, गिटहब डेस्कटॉप अशी गिटची बटणांची ॲप वापरणाऱ्यांनी एवढंच बघावं की टर्मिनलमध्ये चालतंय का. टर्मिनलमध्ये चालतं आणि टॉर्टॉइजगिटमध्ये नाही, असं असेल तर किल्ली बरोबर आहे, जुडगं वेगळं आहे. टॉर्टॉइजगिट मुळात पुट्टी नावाच्या प्रोग्रॅमच्या पद्धतीचा एसएसएच वापरतो, त्याला किल्ली पीपीके या फाइलरूपात आणि पेजंट या पुट्टीच्या जुडग्यात लागते. एकतर ती तशी बनवून द्या, नाहीतर सेटिंग्जमध्ये गिटसोबत आलेला एसएसएच निवडा. गिटहब डेस्कटॉप ब्राउझरमधून लॉगिन करतो. तिथे साइन आउट-साइन इन बहुतेकदा पुरतं.

सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांत अजून एसव्हीएन हा गिटच्या आधीचा व्हर्जन कंट्रोल आहे, आणि चांगलं चाललंय तर असू द्यावं. तिथे टॉर्टॉइजएसव्हीएनच्या सेटिंग्जमध्ये ‘सेव्ह्ड डेटा’ म्हणून पान आहे, त्यातली ऑथेंटिकेशनची नोंद पुसली की तो नव्याने विचारतो. कंपनीचा विंडोज पासवर्ड बदलल्यावर हे आधी करा. नाहीतर तो जुना पासवर्ड मुकाट्याने पुन्हा पुन्हा दाखवत राहतो आणि सर्व्हर तुमचं अख्खं खातंच कुलूपबंद करतो. मग मेलही बंद. परफोर्स नावाच्या आणखी एका व्हर्जन कंट्रोलमध्ये लॉगिनचं तिकीट मुळात १२ तासांचं असतं. सकाळी ‘सेशन एक्स्पायर्ड’ दिसलं तर बिघडलेलं काही नाही, पुन्हा लॉगिन करा.

मदत मागताना ‘लॉगिन होत नाही’ एवढाच निरोप पाठवू नका. पूर्ण वाक्य पाठवा, कॉपी करून, आणि त्यात टोकन असेल तर ते खोडून. जमलं तर ‘गिट रिमोट डॅश व्ही’चं उत्तरही जोडा. निम्मी उत्तरं मी एवढ्यावर, गाडी सिग्नलला उभी असताना दिली आहेत.

तर त्या सोमवारी क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुन्या मुलाची नोंद काढली. पुश म्हटल्यावर ब्राउझरची खिडकी उघडली, तिने स्वतःच्या नावाने साइन इन केलं आणि पुश गेला. गार चहा ओतून दिला, नवा मागवला. मी ब्राउझरमध्ये रेपो उघडली, तिचं पहिलं काम बघायला. कमिटवर, म्हणजे वहीतल्या त्या नोंदीवर, नाव होतं पुण्याला गेलेल्या मुलाचं!

ती माझ्याकडे बघायला लागली. मग सांगावं लागलं की कमिटवरचं नाव लॉगिनवरून येत नाही. ते येतं ‘गिट कॉन्फिग’मधल्या युजर डॉट नेम आणि युजर डॉट ईमेलवरून, ते फक्त पत्राखालचं नाव, दारातलं ओळखपत्र नव्हे. ते बदलून लॉगिन सुधारत नाही आणि लॉगिन सुधारून ते बदलत नाही. दोन ओळींत तिचं नाव घातलं. ‘अमेंड’ला ‘रीसेट-ऑथर’ जोडून ते कमिटही दुरुस्त करता आलं असतं, पण तोवर दुसऱ्या दोघांनी ते पुल केलं होतं, म्हणून तसंच राहू दिलं. आमच्या इतिहासात तिचं पहिलं कमिट अजून त्याच्याच नावावर आहे.